गेटवेची अर्ध्या तासाची फेरी आणि खामगावचा कापूस

१/
मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाजवळच्या पायऱ्यांवरून सुटणारी लाँच प्रवाशांना बंदराच्या पाण्यात नेते, एक वळसा घालते आणि साधारण अर्ध्या तासात परत धक्क्याला लावते. बुलढाणा जिल्ह्यातून मुंबई पाहायला आलेली मंडळी या फेरीत समुद्र, ताज हॉटेल आणि युद्धनौका पाहतात. पाण्याच्या याच पट्ट्यावरून एकेकाळी वऱ्हाडचा कापूस परदेशी जहाजांपर्यंत पोहोचत असे. बंदराचा आणि खामगावच्या बाजारपेठेचा इतिहास एकच आहे. आजचा धागा त्या इतिहासाविषयी.

२/
प्रथम भूगोल. मुंबई बेटाची पश्चिम बाजू अरबी समुद्राला उघडी आहे. तेथे पाणी उथळ, तळ खडकाळ आणि पावसाळ्यात लाटांचा मारा थेट. पूर्व बाजूला मात्र बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये खोल, संथ आणि आडोशाचे पाणी आहे. इंग्रजांनी हे बेट मोलाचे मानले ते मुख्यतः या नैसर्गिक बंदरासाठी. म्हणून शहराची जुनी बंदरे, गोद्या, वखारी आणि आरमारी कारखाना हे सारे पूर्व किनाऱ्यावर उभे राहिले. गेटवेची फेरी याच पूर्वेकडील पाण्यात होते.

३/
आता त्या पाण्यातील जुनी रीत पाहू. १८७५ पूर्वी मुंबईत मोठ्या मालवाहू जहाजांना थेट काठाला लावता येईल अशी बंदिस्त गोदी नव्हती. भरती-ओहोटीने पाण्याची पातळी कित्येक फुटांनी वरखाली होई. त्यामुळे जहाजे काठापासून दूर, खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत. माल धक्क्यावरून मचव्यांत आणि पडावांत चढवायचा, वल्ह्या-शिडांनी जहाजापर्यंत न्यायचा आणि तेथे वर ओढून घ्यायचा, असा क्रम असे. काठावरून नांगरलेल्या जहाजापर्यंत आणि परत: आजची लाँच स्थूलमानाने हाच प्रवास करते. फरक एवढाच की मचव्यात गाठी असत, लाँचमध्ये माणसे असतात.

४/
लाँच सुटताच डोळ्यांत भरते ती गेटवेची कमान. २ डिसेंबर १९११ रोजी राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी येथील अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा ही कमान अस्तित्वात नव्हती. त्यांच्या स्वागताला पुठ्ठ्याची तात्पुरती प्रतिकृती उभारली होती. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याला १९१४ मध्ये मान्यता मिळाली. ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते उद्घाटन झाले. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी याच कमानीखालून बाहेर पडली. साम्राज्याचे हे द्वार त्या साम्राज्याला जेमतेम २३ वर्षे वापरता आले.

५/
कमानीमागचे ताज महाल हॉटेल तिच्याहून जुने आहे. ते १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. त्याचे निर्माते जमशेटजी टाटा. हे नाव लक्षात ठेवावे, कारण धाग्यात पुढे ते वऱ्हाडच्या शेजारी, नागपुरात, पुन्हा भेटेल.

६/
उत्तरेला नौदलाची गोदी दिसते. तेथील जहाजबांधणीची परंपरा १७३६ मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्यापासून सुरू होते. मलबारच्या सागवानातून वाडिया घराण्याने बांधलेली जहाजे जगभर फिरली. येथे १८१७ मध्ये बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. त्या काळात मुंबईहून चीनला मोठ्या प्रमाणावर कापूस जाई. तो बहुतांशी गुजरातचा होता. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या पाण्यावर येण्यास अजून अवकाश होता, आणि त्याचे कारण होते अंतर.

७/
येथे बंदर क्षणभर मागे ठेवून सुमारे पाचशे किलोमीटर पूर्वेला जावे लागते. खामगावची बाजारपेठ १८२० च्या सुमारास आकाराला आली, असे जुने गॅझेटियर सांगते. काही व्यापाऱ्यांनी दुकाने थाटली. तूप, सूत आणि थोडासा कापूस एवढाच व्यवहार होता. भोवती पूर्णेच्या खोऱ्यातील काळी कसदार जमीन, ओलावा धरून ठेवणारी, कपाशीला अनुकूल. माल होता, जमीन होती. नव्हता तो समुद्राकडे जाणारा सुकर रस्ता.

८/
रेल्वेपूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून जाई. बंजाऱ्यांचे तांडे शेकडो बैल घेऊन आठवडेच्या आठवडे चालत. त्यातला बराचसा माल मुंबईकडे न जाता उत्तरेला, गंगेकाठच्या मिर्झापूरकडे जाई. १८२० च्या दशकात पेस्तनजी-विकाजी या पारशी पेढीने वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराकडे वळवण्यास आरंभ केला. तरीही वाटेत धूळ, काटेकुटे आणि अवकाळी पाऊस यांनी कापसाची प्रत उतरे, आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा बंदच पडत.

९/
१८५३ हे वर्ष येथे दोन कारणांनी महत्त्वाचे. १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी आगगाडी धावली. त्यानंतर सुमारे महिन्याभराने निजामाने हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या ताब्यात दिला. कर्जाचा हिशेब हे उघड कारण होते. परंतु हिंदुस्थानातील उत्तम कापूसप्रदेशांपैकी एक त्यामुळे मुंबईच्या व्यापाराच्या आवाक्यात आला, हा परिणाम त्या हिशेबाहून मोठा ठरला.

१०/
मग अमेरिका. १८६१ मध्ये तेथे यादवी युद्ध पेटले. तोवर इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून, गुलामांच्या श्रमातून येत होता. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावू लागल्या. कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचे डोळे मुंबईकडे लागले.

११/
मुंबईवर पैशाचा पाऊस पडला. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक १८६३ मध्ये, नेमक्या या तेजीच्या मध्यावर प्रसिद्ध झाले. या शहराचे मराठीतील पहिले सविस्तर चित्र ते हेच. पुढच्याच वर्षी, १८६४ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. बँका, वित्तसंस्था आणि समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या रोज नव्याने निघत. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचे भाग दर्शनी किमतीच्या अनेक पटींनी विकले गेले. या सट्ट्याच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद होते.

१२/
एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांचा हिशेब चुकता करण्याचा दिवस होता. त्या दिवशी मुंबईतील पेढ्या एकामागून एक बसल्या. प्रेमचंद रायचंद दिवाळखोर झाले, बँक ऑफ बॉम्बे बुडाली. १८७२ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ६,४४,४०५ एवढीच उरली होती. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसे कमी झाली.

१३/
पैसा गेला, तरी त्या पैशाने बदललेला किनारा राहिला. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीने पूर्व किनाऱ्यावर भर घालून जमीन मिळवली होती. १८६० च्या दशकातच जुन्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि शहर मोकळे झाले. पुढे सरकारने या कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ मध्ये बॉम्बे पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. लाँचमधून दिसणारी किनाऱ्याची सरळ, दगडी रेघ निसर्गाने आखलेली नाही. बरीचशी कापसाच्या व्यापारासाठी माणसांनी आखलेली आहे.

१४/
या तेजीत वऱ्हाडच्या शेतकऱ्याला काय मिळाले? चढे भाव काही वर्षे मिळाले, हे खरे. पण तारखा जुळवून पाहाव्यात. थळ घाटातून इगतपुरीकडे जाणारा लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाला. भुसावळहून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, अकोला, बडनेरा या मार्गाने नागपूरपर्यंतची रेल्वे पूर्ण झाली १८६७ मध्ये. म्हणजे तेजी ओसरली आणि मग आगगाडी आली. भाव चढे होते तेव्हा माल वेळेवर पोहोचत नव्हता. माल झपाट्याने पोहोचू लागला तेव्हा भाव उतरलेले होते. मधल्या काळात जमिनीचा मोठा भाग कपाशीखाली गेलेला होता.

१५/
इंग्रज सरकारने मात्र धडा घेतला होता: अमेरिकेवर पुन्हा पूर्णपणे विसंबायचे नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी खास कॉटन कमिशनर नेमला गेला. या पदावरील हॅरी रिव्हेट-कार्नॅक याने आपला हिशेब स्पष्ट मांडला होता. रेल्वेने विलायती कापड आत येईल आणि देशी कापडापेक्षा स्वस्त विकले जाईल. त्यामुळे येथे सुतात खपणारा कापूस निर्यातीला मोकळा होईल आणि सूतकताई-विणकाम करणारे हात शेतमजुरीला मिळतील. साळी-कोष्ट्यांचे माग बंद पडणे हा त्याच्या लेखी दुष्परिणाम नव्हता. तो योजनेचा भाग होता.

१६/
नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि युरोपला जाण्यासाठी आफ्रिकेला वळसा घालण्याची गरज उरली नाही. १८७० मध्ये सुएझ-एडनमार्गे मुंबईपर्यंत समुद्राखालून तारयंत्राची केबल आली. त्याच वर्षी जलंब ते खामगाव हा छोटा रेल्वेफाटा सुरू झाला आणि त्यासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला. सुएझ, केबल, खामगाव. जागतिक इतिहासाच्या पुस्तकांत पहिली दोन नावे हमखास असतात. तिसरे नाव त्याच साखळीची शेवटची कडी होते.

१७/
सुमारे तेरा किलोमीटरच्या फाट्यासाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय का यावा? कारण खामगाव तेव्हा वऱ्हाडातील सर्वांत मोठी कापूसपेठ होती. हंगामात बैलगाड्यांच्या रांगा लागत. मुंबईच्या आणि परदेशी पेढ्यांचे खरेदीदार तेथे ठाण मांडून बसत. स्वित्झर्लंडची व्होल्कार्ट ब्रदर्स ही त्यांतील एक नामांकित पेढी. लिव्हरपूलच्या बाजाराचे एक टोक आता थेट वऱ्हाडच्या मातीत रोवले गेले होते.

१८/
त्या काळी एका गाठीचा प्रवास कसा होई ते पाहावे. शेतात वेचणी, बहुधा बायकांच्या हातांनी. मग सरकी वेगळी करणे, आधी घरोघरच्या हातरेच्यावर, पुढे वाफेच्या जिनांत. मोकळी रुई जागा फार व्यापते, म्हणून प्रेसमध्ये दाबून तिची सुमारे ४०० पौंडांची घट्ट गाठ बांधली जाई. गाठ जलंबमार्गे मुंबईला. १८४४ पासून शहराचा कापूसबाजार कुलाब्याला होता. उघड्या मैदानात गाठींच्या राशी लागत. तेथून आर्थर बंदरासारख्या धक्क्यांवर, धक्क्यावरून मचव्यात आणि मचव्यातून नांगरलेल्या जहाजावर. पाचशे किलोमीटरच्या प्रवासातील ही अखेरची अर्ध्या तासाची वाट म्हणजे आजची सहल.

१९/
जहाजावर चढल्यावर त्या कापसाचे नावही बदले. खामगाव, शेगाव, मलकापूर ही नावे मागे राहत आणि लिव्हरपूलच्या बाजारात तो ‘ऊमरा’ म्हणून विकला जाई. उमरावतीचा, म्हणजे अमरावतीचा हा इंग्रजी अपभ्रंश. पिकवणाऱ्याचे नाव नव्हतेच, गावाचेही नव्हते. राहिले ते एका शेजारच्या शहराचे मोडके नाव.

२०/
तारयंत्राने आणखी एक बदल केला. पूर्वी विलायतेतील भावाची बातमी यायला कित्येक आठवडे लागत. आता लिव्हरपूलचा भाव मुंबईला आणि मुंबईचा भाव खामगावला तारेने कळू लागला. ज्याच्या हाती तार पडे त्या व्यापाऱ्याला बाजाराचा कल आधी समजे. बैलगाडीवर माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला तो समजे तेव्हा सौद्याची वेळ आलेली असे. आपल्या पिकाचा भाव आपण कधीही न पाहिलेल्या शहरात ठरतो, हा अनुभव वऱ्हाडच्या शेतकऱ्याला आला तो या काळात.

२१/
पुन्हा बंदराकडे. लाँचमधून दक्षिणेला कुलाब्याच्या बाजूस ससून गोदी आहे. डेव्हिड ससून आणि कंपनी या बगदादी ज्यू घराण्याच्या पेढीने ती बांधली. १८७५ मध्ये ती खुली झाली. पश्चिम हिंदुस्थानातील ही पहिली बंदिस्त गोदी. १८७९ मध्ये ती पोर्ट ट्रस्टने विकत घेतली. पुढे १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक सुरू झाल्या. आता जहाजे काठाला लागू लागली आणि मचव्यांची ती फेरी हळूहळू मागे पडली. आज ससून गोदीत पहाटे मासळीचा मोठा बाजार भरतो.

२२/
आता जमशेटजींकडे. १८६५ च्या पडझडीत त्यांच्या वडिलांच्या पेढीलाही जबर फटका बसला; तरुण जमशेटजी तेव्हा लंडनमध्ये होते. कच्चा कापूस परदेशी पाठवण्याच्या धंद्यातील जोखीम त्यांनी जवळून पाहिली. पुढे कापडगिरणी काढताना त्यांनी मुंबईऐवजी नागपूर निवडले, कारण कापूस तेथे जवळ पिकत होता. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. तिच्या यशाने टाटा उद्योगाचा पाया भक्कम केला आणि ताज महाल हॉटेल त्याच भांडवलातून पुढे उभे राहिले. लाँचमधून दिसणाऱ्या त्या घुमटामागे कापूसपट्ट्याचा पैसा आहे, तो असा.

२३/
जमा बाजू पाहिली. आता खर्चाची बाजू. कापूस खाता येत नाही. सारा रोखीत भरायचा, त्यासाठी रोख पीक घ्यायचे. रोख हाती पडेपर्यंत सावकाराचे कर्ज काढायचे. कपाशी वाढत गेली तसा ज्वारीच्या साठ्याचा आधार कमी झाला. पूर्वी सुकाळातली ज्वारी पेवात भरून ठेवत आणि वाईट वर्षी ती उपयोगी पडे. आता वाईट वर्षी धान्य विकत घ्यावे लागणार होते. लक्ष्मण सत्या या इतिहासकाराने १८५० ते १९०० या काळातील वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांचा एकत्रित अभ्यास केला आहे, तो याच संबंधासाठी.

२४/
वाईट वर्षे आली. १८९६-९७ चा दुष्काळ, आणि त्यातून सावरण्यापूर्वीच १८९९-१९०० चा महादुष्काळ. विक्रम संवताचे १९५६ वे वर्ष म्हणून लोक त्याला ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हणत. पाऊस जवळजवळ पडलाच नाही. पीक गेले, चारा गेला, गुरे गेली. मजुरी बंद झाली आणि त्याच वेळी धान्याचे भाव गगनाला भिडले. एकेकाळी दुष्काळापासून सुरक्षित मानला गेलेला वऱ्हाड प्रांत खडी फोडण्याच्या दुष्काळी कामांवर उभा राहिला.

२५/
आकडे पाहावेत. १८९१ मध्ये बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या ४,८१,०२१ होती. १९०१ मध्ये ती ४,२३,६१६ भरली. दहा वर्षांत सुमारे १२ टक्के घट. मुंबईची लोकसंख्या घटली तेव्हा तेजी संपून लोक शहर सोडून गेले होते. बुलढाण्याच्या घटीत उपासमार, रोगराई आणि परागंदा झालेली कुटुंबे आहेत. हे दोन्ही आकडे एकाच व्यापाराच्या दोन टोकांचे आहेत, आणि पुस्तकांत ते क्वचितच शेजारी छापले जातात.

२६/
रेल्वेने दुष्काळात काय केले, हा प्रश्न येथे न्यायाने विचारला पाहिजे. ज्या मार्गाने कापूस बाहेर गेला, त्याच मार्गाने बाहेरचे धान्य आतही आले. रेल्वे नसती तर मृत्यू वाढले असते, असे म्हणता येते. पण आलेले धान्य विकत घ्यायला पैसा लागत होता आणि पीक बुडालेल्या माणसाकडे तो नव्हता. वाहतूक झाली, तरी क्रयशक्ती नव्हती. दुष्काळात धान्य असूनही माणसे का मरतात, या प्रश्नाचे उत्तर मलकापूर-नांदुऱ्याच्या फलाटांवर त्या वर्षी दिसत होते.

२७/
येथवर खामगावचा उल्लेख बुलढाण्याच्या इतिहासात आला, तरी या घटनांच्या काळात खामगाव तालुका अकोला जिल्ह्यात होता. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९०५ च्या पुनर्रचनेत खामगाव आणि जळगाव (जामोद) हे तालुके बुलढाणा जिल्ह्यात आले. जुने दस्तऐवज किंवा गॅझेटियर वाचताना हे ध्यानात ठेवावे, नाहीतर आकड्यांची गफलत होते. वर दिलेले १८९१ आणि १९०१ चे आकडे खामगाव वगळून आहेत.

२८/
मुंबईत कापसाचा बाजार पुढे आणखी उत्तरेला सरकला. १९२० च्या दशकात कुलाब्याचे कॉटन ग्रीन शिवडीजवळ नेण्यात आले. तेथे भव्य कापूस विनिमय इमारत आणि गोदामांच्या रांगा उभ्या राहिल्या. हार्बर मार्गावरील ‘कॉटन ग्रीन’ या स्थानकाचे नाव त्यावरून पडले. त्या स्थानकावर रोज उतरणाऱ्यांना हे नाव विचित्र वाटते, कारण तेथे हिरवळ दिसत नाही आणि कापूसही. मुळात इंग्रजीत गावातील मोकळ्या मैदानाला ‘ग्रीन’ म्हणत. कापसाच्या राशी मैदानात लागत, म्हणून हे नाव.

२९/
१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा, सोन्याच्या विटा आणि कराचीहून भरलेल्या हजारो कापूसगाठी होत्या. आग कापसाच्या खणात लागली आणि दारूगोळ्यापर्यंत पोहोचली. दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे गेली; त्यांत साठहून अधिक अग्निशामक जवान होते. आजही १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, तो त्यांच्या स्मरणार्थ. दाबलेल्या गाठीत आग आतल्या आत धुमसत राहते, हे कापसाच्या बाजारात सर्वांना ठाऊक होते. युद्धाच्या घाईत ती सावधगिरी सुटली.

३०/
स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले, पण पुरते नाही. १९७२ मध्ये महाराष्ट्र सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. भावाचा निर्णय व्यापाऱ्याकडून सरकारकडे नेण्याचा तो मोठा प्रयोग होता. १९८९ मध्ये बंदरापलीकडे न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाले आणि मालाची मुख्य वाहतूक तिकडे वळली. २००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले. त्या सहांत बुलढाणा होता. लिव्हरपूलचा बाजार इतिहासजमा झाला. दूरच्या बाजारात ठरणारा भाव मात्र गेला नाही.

३१/
आता ही फेरी करणाऱ्यांसाठी चार खुणा. पहिली: काठाची दगडी रेघ पाहावी आणि ती माणसांनी आखलेली आहे हे आठवावे. दुसरी: दक्षिणेला ससून गोदीची दिशा. तेथून मचव्यांचे युग संपू लागले. तिसरी: ताजचा घुमट. त्याच्यामागे नागपूरची गिरणी आहे. चौथी: लाँच वळसा घेते ती जागा. साधारण अशाच खोल पाण्यात जहाजे नांगरून उभी राहत आणि वऱ्हाडची गाठ जमिनीशी असलेला शेवटचा संबंध तोडून वर चढे.

३२/
इतिहासाच्या पुस्तकांत गेटवे हे राजे-व्हाइसरॉय यांच्या आगमन-निर्गमनाचे ठिकाण आहे. त्या कमानीतून वर्षाकाठी फारच थोडी माणसे साम्राज्याच्या थाटात आली-गेली. तिच्या आसपासच्या पाण्यावरून मात्र वर्षानुवर्षे लाखो गाठी गेल्या. त्या गाठी वेचणाऱ्या बायका, बांधणारे मजूर आणि हाकणारे गाडीवान यांच्यापैकी बहुतेकांनी समुद्र कधी पाहिला नाही. त्यांच्या नातवंडांची नातवंडे आज तिकीट काढून लाँचमध्ये बसतात. काठाकडे पाहताना या शहराच्या उभारणीत आपल्या गावाचाही वाटा आहे, हे त्यांना ठाऊक असायला हवे.